ज्याच्यामागे सरकार नाही

पनवेल तालुक्यातील तळोजा कारागृहात अनेक वर्षे काढलेल्या अबू सालेमला पोर्तुगालने २००५ साली भारताच्या हवाली केले, ते फाशी अथवा पंचवीस वर्षांहून अधिक कैद होणार नाही या भारत सरकारच्या हमीवर. पुढे त्याला जन्मठेप झाली. तरी सरकारने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले. गुन्हा कितीही घोर असो, हे योग्यच झाले. कतारमध्ये आठ माजी भारतीय नौसैनिकांची फाशी डिसेंबर २०२३ मध्ये टळली, तेव्हाही त्यांच्या पाठीशी दिल्ली होती.

प्रश्न आहे तो पाठीशी कोणीच नसलेल्याचा. याच तळोजात अमली पदार्थांच्या खटल्यांतील आफ्रिकी कैदी आहेत. साठा व्यापारी प्रमाणातला ठरला की किमान दहा वर्षे. न्यायाधीशालाही त्याखाली उतरता येत नाही. जामिनासाठी १९९४ पासून वकिलातीचे हमीपत्र मागितले जाई. वकिलात ते देत नसेल तर न्यायालय ही अट वगळू शकते, हे स्पष्ट व्हायला जुलै २०२४ उजाडला! कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील देण्याचा कायदा आहेच; त्या वकिलासोबत पहिल्या दिवसापासून दुभाषाही हवा. आणि न्यायाधीशाचे हात बांधणाऱ्या त्या दहा वर्षांचा फेरविचार संसदेने केला पाहिजे, परक्यांसाठी आणि आपल्यांसाठीही.