एक पॅकहाउस, चार योजना : माणदेशात समन्वय कोणी करायचा?

म्हसवड माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. पण इथून पूर्वेला निघालो की लगेच सोलापूर जिल्हा लागतो आणि दक्षिणेला सांगलीचा आटपाडी तालुका. इथला डाळिंब उत्पादक माल घेऊन कधी आटपाडीच्या सौद्याला जातो, कधी सांगोल्याला. दर जिथे बरा, तिकडे गाडी. डाळिंबाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. योजनांना मात्र ती असते.

गेल्या काही वर्षांत शेतमालाच्या व्यापारासाठी बाहेरून कर्ज किंवा मदत घेऊन आखलेले अनेक प्रकल्प राज्यात सुरू झाले. हे सगळे शेवटी एकाच दारात येतात: गावातली शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट. पैसा वेगवेगळ्या ठिकाणचा, कार्यालय वेगळे, अर्जाचा नमुना वेगळा आणि मुदतही वेगळी. या सगळ्याची सांगड कोणी घालायची, हा प्रश्न कागदी वाटतो. पण पॅकहाउसचा हप्ता भरायची वेळ आली की तो थेट सभासदाच्या खिशाला लागतो.

कोण, कशासाठी, कोणामार्फत

आधी प्रमुख प्रकल्प नीट ओळखून घेऊ.

- स्मार्ट प्रकल्प : बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. जागतिक बँकेने डिसेंबर 2019 मध्ये यासाठी 21 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. धान्य, भाजीपाला, फळे, शेळीपालन अशा अनेक मूल्यसाखळ्या यात येतात. पात्र समुदाय संस्थेला मंजूर प्रकल्प खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. कृषी, पशुसंवर्धन, पणन मंडळ, वखार महामंडळ, उमेद आणि माविम अशा अनेक यंत्रणा यात आहेत. जिल्ह्यात आत्मा कार्यालयातून काम चालते.
- मॅग्नेट प्रकल्प : आशियाई विकास बँकेचे 10 कोटी डॉलरचे कर्ज, करार ऑक्टोबर 2021. राबवणारी संस्था पणन मंडळाच्या छत्राखाली. डाळिंब, केळी, संत्रा, मोसंबी, पेरू, सीताफळ, चिकू, स्ट्रॉबेरी, भेंडी, मिरची आणि फुले या पिकांपासून सुरुवात झाली. भर काढणीनंतरच्या हाताळणीवर.
- नव तेजस्विनी : आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साह्याने, माविममार्फत, महिलांच्या उद्योगांसाठी.
- केंद्राची 10 हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना : फेब्रुवारी 2020 पासून. पैसा परदेशी नाही, पण लाभार्थी तेच. मैदानी भागात किमान 300 सभासद, तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि 15 लाखांपर्यंत समभाग अनुदान.
- कृषी पायाभूत सुविधा निधी : हे अनुदान नाही. 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षांपर्यंत 3 टक्के व्याज सवलत.

याशिवाय नाबार्डचे कार्यक्रम आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहेच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा पैसा शेतकऱ्याला अनुदान म्हणून मिळत असला तरी राज्यासाठी ते कर्ज आहे. ते व्याजासह फेडायचे आहे आणि फेडणारे आपणच आहोत. म्हणून एकाच कामासाठी दोन ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या, तर त्याचा भुर्दंडही आपल्यावरच पडतो.

जगाने हे आधी करून पाहिले आहे

हा घोळ फक्त आपला नाही. गरीब देशांना व्यापार वाढवायला मदत करणाऱ्या संस्था वाढत गेल्या, तशा प्रत्येकीच्या पाहण्या, सल्लागार आणि अहवाल वाढले. 1997 मध्ये जागतिक बँक, नाणेनिधी, जागतिक व्यापार संघटना यांसह सहा संस्थांनी मिळून एक चौकट ठरवली. अतिविकसनशील देशात व्यापाराच्या अडचणींचा एकच अभ्यास करायचा, त्यातून कामांची एकच यादी काढायची आणि प्रत्येक देणगीदाराने त्या यादीतले काम उचलायचे. यादी देशाची, पैसा देणगीदाराचा.

पुढे मार्च 2005 मध्ये पॅरिस जाहीरनामा झाला. देणगीदारांनी स्वतंत्र प्रकल्प कक्ष कमी करावेत, पाहण्या एकत्र कराव्यात, त्या देशाच्याच व्यवस्थेतून पैसा खर्च करावा, असे ठरले. 2010 पर्यंत गाठायची 13 उद्दिष्टे ठरली. 2011 च्या पाहणीत जागतिक पातळीवर त्यातले फक्त एक पूर्ण झाल्याचे दिसले.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. पैसा देणारे आपणहून एकत्र येतील, या भरवशावर बसू नये. प्रत्येक प्रकल्पाचा अधिकारी आपापल्या उद्दिष्टाला बांधील असतो: इतक्या संस्था, इतका निधी, इतक्या तारखेपर्यंत. त्याच्या तक्त्यात 'शेजारच्या योजनेशी सांगड' हा रकाना नसतो. यादी घेणाऱ्यानेच तयार ठेवावी लागते.

द्राक्षात जमले, ते कशामुळे?

समन्वय होऊ शकतो, याचे उदाहरण सांगली आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात आहे. युरोपात कीडनाशकांच्या उर्वरित अंशांवरून माल अडू लागला, तेव्हा अपेडाने 2006 पासून ग्रेपनेट सुरू केले. कृषी विभाग बागेची नोंदणी करतो, प्रयोगशाळा नमुना तपासते, पॅकहाउस त्याच क्रमांकावर माल घेते, निर्यातदार त्याच नोंदीवर कागदपत्रे काढतो. पुण्याचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तांत्रिक आधार देते. कंटेनरमधल्या पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोचता येते.

यानंतरही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. म्हणजे पद्धत बिनचूक नव्हती. पण नोंद एकच असल्याने तपासणीच्या यादीतली उणीव भरून काढता आली. तीच पद्धत पुढे डाळिंबासाठी अनारनेट म्हणून आली.

इथे समन्वय जमला, कारण सगळ्या यंत्रणा एकच क्रमांक वापरत होत्या आणि त्यांना जोडणारी बाजाराची अट खरी होती. केवळ बैठकांनी ते झाले नसते.

डाळिंबाची आजची स्थितीही तशीच आहे. 2023 मध्ये अमेरिकेला हवाईमार्गे चाचणी खेप गेली. जानेवारी 2025 मध्ये सोलापूर भागातला भगवा समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियात पोचला. अमेरिकेसाठी वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण लागते, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, नोंदणीकृत बाग आणि पॅकहाउस लागते. एका पेटीमागे इतक्या यंत्रणा. यात कुठेही साखळी तुटली, तर तेल्या डाग नसलेले उत्तम फळसुद्धा देशी बाजारातच विकावे लागते.

दोन पॅकहाउसचे गणित

आता मुद्द्याचे गणित पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या कंपनीने त्यात स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, एका कंपनीने 2 कोटींचे डाळिंब पॅकहाउस उभारले. 60 टक्के अनुदान म्हणजे 1 कोटी 20 लाख. सभासदांचा हिस्सा 20 लाख. उरलेले 60 लाख बँकेचे कर्ज, 10 टक्के व्याजाने 7 वर्षांसाठी.

- कर्जाचा हप्ता : वर्षाला सुमारे 12 लाख
- व्यवस्थापक, वीज, देखभाल, विमा : 8 लाख
- एकूण स्थिर खर्च : 20 लाख
- मजुरी आणि पॅकिंग वजा जाता किलोमागे उरणारी रक्कम : 2 रुपये
- खर्च भरून निघण्यासाठी लागणारा माल : 1000 टन

एकरी 4 टन उत्पादन धरले तर 250 एकरांचा सगळा माल या एका पॅकहाउसमध्ये यायला हवा. मर, तेल्या, पाण्याची ओढ आणि जागेवर माल उचलणारा व्यापारी या सगळ्यांतून वाचून.

आता समजा, वीस किलोमीटरवर हद्दीपलीकडे दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या प्रकल्पातून, दुसऱ्या कंपनीलाही तेवढेच पॅकहाउस मंजूर झाले. माल विभागून 500 टनांवर आला. उत्पन्न 10 लाख, खर्च 20 लाख. दोन्ही कंपन्या दरवर्षी 10 लाखांच्या खड्ड्यात. दोन्ही प्रकल्पांच्या अहवालात मात्र 'एक पॅकहाउस पूर्ण' अशी यशाची नोंद.

त्याऐवजी एकीने पॅकहाउस आणि दुसरीने शीतगृह किंवा दाणे काढण्याचे युनिट घेतले असते, तर दोघींचा धंदा एकमेकींना पूरक ठरला असता. कृषी पायाभूत निधीची 3 टक्के सवलत जोडली तर वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार वाचतात. म्हणजे लागणारा माल 910 टनांपर्यंत खाली येतो. समन्वयाची किंमत अशी टनात मोजता येते.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

माणदेशातल्या बहुतेक कंपन्यांत कागदपत्रांचे काम एखादा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि दोन-तीन संचालक पाहतात. त्याच माणसांनी आंबे बहाराच्या धामधुमीत एका प्रकल्पाचा व्यवसाय आराखडा, दुसऱ्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल आणि तिसऱ्याचा त्रैमासिक अहवाल करायचा. सभासदांची तीच यादी तीन नमुन्यांत भरायची. सल्लागाराने अहवाल करून दिला तरी त्यातले आकडे संचालकांना तोंडपाठ नसतात आणि बँकेत पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते.

महिलांच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. एकच ताई उमेदच्या गटात असते, माविमच्या लोकसंचालित साधन केंद्राशी जोडलेली असते आणि कंपनीची भागधारकही असते. तीन ठिकाणी तिची नोंद 'लाभार्थी' म्हणून होते. शेळीसाठी खेळते भांडवल मात्र एका ठिकाणीही वेळेवर मिळेलच असे नाही.

म्हसवडला याचे वेगळे उदाहरणही आहे. 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा आणि इथल्या महिलांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पुढे बाहेरच्या अनेक संस्थांची मदत या कामाला मिळाली, पण बँक, व्यवसाय प्रशिक्षण आणि सामुदायिक रेडिओ हे घर इथलेच होते. मदत आली ती त्या घरात आली. प्रकल्पाची मुदत संपते, स्थानिक संस्था राहते. जागतिक बँकेच्याच साह्याने 2010 नंतर चाललेल्या महाराष्ट्र कृषी स्पर्धाक्षम विकास प्रकल्पातून राज्यात अनेक उत्पादक कंपन्या निघाल्या. अशा कंपन्यांकडे अनुदान संपल्यावरही विकायला माल आणि घ्यायला गिऱ्हाईक असेल, तरच त्या टिकतात.

कंपनीने काय करावे?

1. स्वतःचा एकच व्यवसाय आराखडा ठेवा. तीन वर्षांचा, मराठीत, दहा पानांचा पुरे. कोणता माल, किती, कोणाला, कोणत्या महिन्यात. प्रत्येक योजनेचा अर्ज यातूनच काढायचा. योजनेसाठी आराखडा बदलू नका.
2. सभासद नोंदवही एकच ठेवा. गट क्रमांक, क्षेत्र, वाण, बहार, पाण्याची सोय, निर्यात नोंदणी क्रमांक. सगळ्या नमुन्यांची माहिती इथून उचला.
3. घटक वाटून घ्या. एकाच घटकावर दोन ठिकाणचे अनुदान घेऊ नका. वसुली आणि अपात्रता ओढवते. इमारत एका योजनेतून, व्याज सवलत दुसरीकडून, प्रशिक्षण तिसरीकडून अशी जोडणी बहुधा चालते. पण चालू मार्गदर्शक सूचना वाचून आणि लेखी विचारूनच पुढे जा.
4. अनुदान हातात येईपर्यंतचा पैसा आधी ठरवा. रक्कम टप्प्याने, कामाची पाहणी झाल्यावर मिळते. मधल्या काळात बँकेची मर्यादा मंजूर नसेल तर काम अर्धवट राहते.
5. वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघातल्या सुविधा मोजा. जिल्ह्याची हद्द सोडून. म्हसवडच्या कंपनीने आटपाडी, सांगोला, माळशिरसकडचे पॅकहाउस आणि शीतगृह पाहावे. रिकामे असेल तर भाड्याचा करार बांधकामापेक्षा स्वस्त पडतो.

विस्तार कर्मचाऱ्यांनी काय करावे?

तालुका कृषी अधिकारी आणि आत्माच्या तंत्रज्ञान व्यवस्थापकांनी तालुक्यातील कंपन्यांचा एक तक्ता करावा: कंपनी, पीक, कोणत्या प्रकल्पातून काय मंजूर, काम कुठवर आले, वापर किती. तो शेजारच्या तालुक्यांशीही वाटून घ्यावा, जिल्हा वेगळा असला तरी. नवा प्रस्ताव पुढे पाठवताना 'परिघात अशीच सुविधा आहे का' एवढा एक शेरा लिहिला, तरी वरचे दोन पॅकहाउसचे उदाहरण प्रत्यक्षात येणे टळेल.

यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभूच्या पाण्यामुळे या पट्ट्यात फळबागांचे क्षेत्र वाढेल, तसे आणखी प्रकल्प दारात येतील. तेव्हा आपल्या हातात आपली यादी असली पाहिजे. येत्या मासिक सभेत संचालकांनी पहिले दोन कागद, म्हणजे सभासद नोंदवही आणि परिघातल्या सुविधांची यादी, पूर्ण करून घ्यावेत. पुढचा अर्ज त्यानंतर भरावा.