मिरीच्या वेलाचे पहिले वर्ष

कोकणातील बहुतेक परसांत चार माड, दहा-बारा पोफळी आणि एखादा फणस असतोच. या झाडांच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढविला तर जमिनीचा वेगळा तुकडा न अडविता घराला एक नगदी पीक मिळते, ही गोष्ट आता नव्याने सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही. मिरी ही मूळची पश्चिम घाटातील दमट रानातली वनस्पती होय. आपल्याकडील भरपूर पाऊस, उष्ण व दमट हवा आणि झाडांची विरळ सावली तिला मानवते. म्हणूनच दर वर्षी मृगाच्या सुमारास गावोगाव मिरीची रोपे नेली जातात व हौसेने लावली जातात. परंतु पुढील उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांपैकी किती वेल जिवंत राहिले, हे पाहण्यास सहसा कोणी जात नाही. बुंध्याशी वाळलेली काडी आणि तिला बांधलेली सुतळी एवढेच पुष्कळ ठिकाणी शिल्लक असते.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, मिरीच्या लागवडीचे यश जूनमध्ये लावलेल्या रोपांवरून मोजू नये; पुढील मे महिन्याच्या अखेरीस जगलेल्या वेलांवरून मोजावे. आणि ज्या घराला मे महिन्यात जितक्या वेलांना पाणी घालणे शक्य असेल, तितकेच वेल त्या घराने लावावेत.

पहिल्या वर्षी वेल काय करतो?

मिरी हे बहुवर्षायू पीक आहे. लागवडीनंतर साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षी वेलावर घोस दिसू लागतात. पहिल्या वर्षी वेलाला दोनच कामे करावयाची असतात. जमिनीत मुळांचा जम बसविणे हे पहिले, आणि बुंध्याला घट्ट धरणे हे दुसरे. अन्न घेणारी त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच पसरतात. त्यामुळे वरचा थर तापला किंवा त्यात पाणी साचले तर कोवळ्या वेलाला तत्काळ इजा पोहोचते. वर चढणाऱ्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर लहान मुळ्या फुटतात व त्यांच्या साहाय्याने वेल सालीला चिकटतो. ज्या वेलाच्या पेऱ्यांनी साल धरली नाही, तो कितीही लांब वाढलेला दिसला तरी वाऱ्याने सुटतो आणि भुईवर लोळू लागतो.

म्हणून पहिल्या वर्षी उंची पाहून समाधान मानू नये. गुडघाभर उंचीचा, परंतु पेऱ्यापेऱ्याने बुंध्याला चिकटलेला व हिरवागार वेल हा छातीइतक्या, पण लोंबणाऱ्या वेलापेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.

रोप कोणत्या फांदीचे आहे?

मिरीच्या वेलाला निरनिराळ्या प्रकारच्या फांद्या येतात आणि रोपाचे भवितव्य पुष्कळ अंशी यावरच अवलंबून असते. वेलाच्या बुडाशी फुटून जमिनीवरून धावणाऱ्या फांद्यांपासून केलेली रोपे चढत्या वेलासाठी उत्तम. भरघोस व नियमित पीक देणारा निरोगी मातृवेल निवडून त्याच्या धावत्या फांद्या खुंटीभोवती गुंडाळून ठेवतात, म्हणजे त्यांना जमिनीत मुळे फुटत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या कापून, शेंड्याकडील कोवळा व बुडाकडील जून भाग टाकून देऊन, मधल्या भागाचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे पिशव्यांत लावतात. पावसाळ्याच्या आरंभी ती रोपे तयार होतात. हे काम शेजारच्या परसातील चांगल्या वेलावरून कोणीही घरी करू शकेल.

वेलाच्या आडव्या फांद्यांवर घोस येतात. त्या फांदीचे रोप केले तर ते चढत नाही. त्याचे झुडूप होते. ही झुडपी मिरी कुंडीत लावता येते व लवकर, बहुधा वर्षाच्या आतच, फुलोऱ्यावर येते. ज्यांच्या घराशी झाड नाही किंवा ज्यांना पहिल्याच वर्षी घरची मिरी पाहण्याची उत्सुकता आहे, त्यांनी एक-दोन कुंड्या अवश्य कराव्यात. परंतु झुडपी मिरीचे रोप माडाखाली लावून ते का चढत नाही म्हणून वाट पाहत बसणे व्यर्थ आहे. रोप घेताना ते कोणत्या फांदीचे आहे, एवढा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

जातीचाही विचार करावा. केरळातील पन्नियूर येथील संशोधन केंद्रात तयार झालेली पन्नियूर-१ ही जात लांब घोसांची व भरपूर पिकणारी आहे. परंतु दाट सावली तिला मानवत नाही. करीमुंडा ही जात सावलीत तग धरते. पोफळींची बाग दाट असता केवळ नाव ऐकून पन्नियूर-१ लावणे शहाणपणाचे नव्हे.

जागा आणि खड्डा

आधाराच्या झाडाच्या उत्तरेस किंवा ईशान्येस खड्डा घ्यावा, म्हणजे दुपारनंतरचे कडक ऊन कोवळ्या वेलावर येत नाही. सुमारे ५० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा पोफळ किंवा पांगारा यांच्या बुंध्यापासून ३० सेंटीमीटर अंतरावर पुरेसा होतो. माडाच्या मुळांची जाळी बुंध्याभोवती दाट असते. म्हणून तेथे खड्डा आणखी दूर घेऊन वेल काठीच्या आधाराने बुंध्याकडे वळवावा. वरच्या थरातील माती व चांगले कुजलेले सुमारे पाच किलो शेणखत एकत्र करून खड्डा भरावा. भरलेली माती भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच राहील असे पाहावे. पावसाळ्यात खोलगट आळे म्हणजे वेलासाठी डबकेच होय.

साल ज्याची सोलून पडते असे झाड आधारासाठी घेऊ नये. नवीन पांगारा लावून त्यावर वेल चढवावयाचा असल्यास आधी पांगारा चांगला रुजू द्यावा.

पहिल्या वर्षी खताचा मोह आवरावा. पूर्ण वाढलेल्या वेलासाठी शिफारस केलेल्या रासायनिक खताची केवळ एकतृतीयांश मात्रा पहिल्या वर्षी पुरते. पूर्ण मात्रा तिसऱ्या वर्षापासून द्यावयाची असते. कोवळ्या मुळांजवळ खताचा ढीग घातल्याने वेल लवकर वाढत नाही. मुळे मात्र होरपळतात.

दोन संकटे

पहिल्या वर्षी वेलावर दोन संकटे येतात. त्यांपैकी एक पावसाळ्यात येते व दुसरे उन्हाळ्यात.

पावसाळ्यातील संकट जलद मर या रोगाचे होय. या रोगाची बुरशी पाणी साचलेल्या जमिनीत फोफावते. पानांवर काळपट ठिपके पडतात, जमिनीलगतचे खोड कुजते, आणि हिरवा दिसणारा वेल थोड्याच दिवसांत पाने गाळून मरतो. एकदा खोड कुजल्यावर उपाय चालत नाही. म्हणून प्रतिबंधावरच भर द्यावा. पाण्याला वाट करून द्यावी. भुईवर लोळणारे शेंडे उचलून बांधावेत, कारण मातीचे शिंतोडे उडून रोग पानांवर चढतो. मेलेला वेल मुळासकट उपटून जाळावा.

पावसाच्या तोंडाशी आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमधील उघडिपीत एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. दहा वेलांच्या परसाला मोठी सामग्री लागत नाही. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत, वेगवेगळे विरघळवावे आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. लोखंडी सुरीचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

उन्हाळ्यातील संकटाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याकडे दुर्लक्ष मात्र अधिक होते. पावसाळा संपल्यावर वेल हिरवा असतो आणि घरातील माणसांना काम फत्ते झाल्यासारखे वाटते. फेब्रुवारीपासून जांभ्या जमिनीचा ओलावा उतरू लागतो व एप्रिलमध्ये वेल माना टाकतो. यास्तव ऑक्टोबरअखेरीस आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. दक्षिणेकडून व पश्चिमेकडून सुक्या झावळ्या टेकवून सावली करावी. वेलाजवळ बुडाशी भोक पाडलेले मडके पुरून त्यात पाणी भरल्यास थोड्या पाण्यात मुळांशी ओल टिकते. आठवड्यातून दोन वेळा मडके भरले जाईल अशी व्यवस्था असावी, आणि ती मे महिन्यापर्यंत चालू राहावी.

पाणी कोण घालणार?

हा प्रश्न किरकोळ समजला जातो. वास्तविक मिरीच्या लागवडीचा सारा निकाल याच प्रश्नावर लागतो. आपल्याकडील कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात आणि घरचे पाणी बायकांना डोक्यावरून आणावे लागते. पन्नास रोपे लावण्याचा निर्णय घरातील पुरुषाने पडवीत बसून घ्यावा आणि मे महिन्यातील पन्नास घागरी मात्र बायकांच्या वाट्याला याव्यात, हे न्याय्य नाही व ते टिकतही नाही. तेव्हा लावण्यापूर्वी घरातील स्त्रियांना विचारावे, उन्हाळ्यात विहिरीत किती पाणी असते ते आठवावे, आणि मग संख्या ठरवावी. भाजी, तांदूळ धुतल्याचे पाणी वाया जात असेल तर ते पाटाने किंवा बादलीने वेलाकडे नेता येते. साबणाचे दाट पाणी मात्र मिरीला घालू नये. एवढ्या पाण्यावर पाच वेल जगत असतील तर पाचच लावावेत. पुढील वर्षी त्या पाचांच्या धावत्या फांद्यांवरून घरचीच रोपे होतील.

काही आक्षेप

रानातील मिरी कोणी पाणी न घालता वाढते, मग परसातील का वाढू नये, असे काही शेतकरी बंधू विचारतात. रानात पानांचा जाड थर, दाट छाया व वर्षभर टिकणारा गारवा असतो. झाडून लख्ख केलेल्या परसात यांपैकी काहीच नसते. आच्छादन व सावली करणे म्हणजे रानातील तीच सोय परसात आणून देणे होय.

तीन वर्षे वाट कोणी पाहावी, हा दुसरा आक्षेप. ज्यांच्या वाडवडिलांनी माड लावून फळासाठी कित्येक वर्षे धीर धरला, त्यांना हे शिकविण्याची गरज नसावी. वाट पाहण्यात नुकसान नाही. कारण वेलासाठी वेगळी जमीन अडकलेली नसते. नुकसान होते ते दर वर्षी नवी रोपे लावून दर वर्षी पहिल्याच वर्षात अडकून पडल्याने.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या पिकासाठी वर्षातून चार वेळा तरी परसात डोकवावे. जूनमध्ये खड्ड्याची जागा पाहावी, ऑगस्टमध्ये पाण्याचा निचरा व बांधणी, नोव्हेंबरमध्ये आच्छादन, आणि मे महिन्यात जिवंत वेलांची मोजणी करावी. वेल मेला असल्यास तो कोणत्या महिन्यात व कशाने मेला, हे त्याच घरच्या माणसांसमवेत समजून घ्यावे. पावसात मेलेला वेल निचऱ्याचा दोष दाखवितो व उन्हात मेलेला वेल पाण्याचा. दोष कळल्याशिवाय त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावण्यास देऊ नये.

रोपे किती वाटली हा आकडा लिहिण्यास सोपा आहे. जगलेल्या वेलांचा आकडा लहान असेल. परंतु शेतकऱ्याच्या घरी मिरी येईल ती त्याच आकड्यातून येईल.