शिवेची वहिवाट

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून, प्रतापगडाखालच्या दऱ्यांतून पोलादपुरास उतरणारी आणि महाडवरून वाहत येऊन हरिहरेश्वराच्या डोंगरापाशी समुद्रास मिळणारी सावित्री मुखाशी आज रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत दुचाकी चढवून पलीकडे वेसवीला उतरणाऱ्या माणसाला आपण काही ओलांडले याची जाणीवही होत नाही. परंतु सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांचा कोकणातील मुलूख याच पाण्याने विभागलेला होता, आणि हरिहरेश्वर हे उत्तरेकडच्या सत्तेचे जवळजवळ शेवटचे ठाणे होते. हिमालयातील सरहद्दीविषयी लिहावयास बसलो की माझे मन वारंवार या खाडीकडे वळते, ते केवळ शेजारधर्म म्हणून नव्हे.

खाडीत हद्द सांगणे सोपे असते. सह्याद्रीत शिरले की ती कोठे आहे हे कोणत्याच दरबाराला नेमके सांगता येत नसे. तेथे दफ्तरात रेघ नसे. घाट असे, घाटाच्या तोंडाशी जकातीची चौकी असे आणि चौकी राखणारे एखादे पिढीजात घराणे असे. जावळीचे मोरे हे असे घराणे होते. बाणकोटच्या खाडीतून महाडपर्यंत गलबतांनी आलेला माल पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढून वाईकडे जाई, देशावरचे धान्य आणि गूळ त्याच वाटेने खाली उतरत. आणि ज्याच्या हाती ती वाट, त्याला ‘चंद्रराव’ हा किताब देऊन नावापुरता आपला म्हणवून घेणे विजापूरच्या दरबाराला त्या निबिड अरण्यात फौज ठेवण्यापेक्षा फार स्वस्त पडे. 1636 च्या तहाने शहाजहान आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली, तेव्हा दिल्लीच्या आणि विजापूरच्या कारकुनांनी परगण्यांची नावे चोख लिहिली असतील. पण त्या लिखाणाने जावळीतला एक बैलही आपला रस्ता बदलून गेला नसेल. बदल घडला तो 1656 साली, जेव्हा शिवाजी महाराजांनी जावळी आणि पाठोपाठ रायरी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून पार घाटावर प्रतापगड बांधून घेतला. मधले घराणे बाजूस सारून घाट स्वतः राखण्याचा निर्णय त्या भागात प्रथमच कोणी घेतला होता, आणि चार वर्षांच्या आत अफजलखानाला त्याच घाटाखाली यावे लागले.

अर्थात असा निकाल प्रत्येक ठिकाणी लागत नाही. श्रीवर्धनची देशमुखी असलेले बाळाजी विश्वनाथ भट जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले आणि तेथे पेशवे झाले. पण त्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर मात्र सिद्दीच्या मुलखात राहिले. 1736 साली चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला आणि त्यानंतर तह झाला, तरी जंजिरा काही हाती आला नाही. सिद्दीच्या अकरा महालांत मराठ्यांचा निम्मा हिस्सा ठरला, इतकेच. या दुअंमलीची आपल्याकडे थट्टा होते, आणि दोन धन्यांना वसूल देणाऱ्या रयतेचे हाल खरेही होते. परंतु त्या व्यवस्थेत एक व्यावहारिक शहाणपण होते, की जेथे दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला पुरता हुसकावू शकत नाही, तेथे भूमी रिकामी न करता तिचे उत्पन्न वाटून घ्यावे. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर पुढे 1948 साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत नबाबाच्याच अमलाखाली राहिले, आणि तेवढ्या काळात येथली पूजा व यात्रा काही बंद पडली नाही.

आता लडाखकडे पाहावे. कैलासाच्या परिसरात, तिबेटात दूर आत, मिनसर नावाचे एक गाव आहे. ते शतकानुशतके लडाखला आणि पुढे काश्मीर दरबाराला सारा देत आले, आणि ही वहिवाट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. 1684 आणि 1842 च्या तहांत जुन्या सीमा पूर्ववत मानल्या गेल्या. त्या सीमा कोणत्या, हे नकाशा काढून सांगण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण कोणत्या कुरणावर कोणाची मेंढरे जातात हे उभय पक्षांच्या मेंढपाळांना ठाऊक होते. 1960 साली भारत आणि चीन यांचे अधिकारी पुरावे घेऊन समोरासमोर बसले, तेव्हा आपल्या बाजूने मांडलेल्या कागदांत तहांच्या जोडीला साऱ्याच्या नोंदी होत्या, कुरणांचे हक्क होते, गावांच्या वहिवाटी होत्या. दोन वर्षांनी युद्ध झाले आणि त्या दफ्तराकडे पाहण्यास कोणास सवड उरली नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे, की डोंगरी सरहद्दीवर राष्ट्राचा सर्वांत टिकाऊ हक्क हा तेथे राबणाऱ्या, चारणाऱ्या आणि देवघेव करणाऱ्या माणसांच्या वहिवाटीतून निर्माण होतो, आणि जे सरकार सुरक्षिततेच्या नावाखाली ती वहिवाट मोडू देते ते आपल्याच दाव्याचा साक्षीदार घालवते.

जुन्या मराठी मुलखात दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की गोतसभा भरे, महजर होई, आणि पुष्कळदा निवाडा ज्याच्या साक्षीवर ठरे तो गावचा महार असे. कारण शिवेवरचा दगड आणि झाड त्याच्याइतके कोणालाच माहीत नसे. ज्याचा शब्द शिवेपुरता प्रमाण, त्याला चावडीवर बसण्याची मात्र मुभा नव्हती. या विसंगतीचा लाजिरवाणा इतिहास आपण जाणतो. परंतु दिल्ली आणि बीजिंग येथील वाटाघाटींत लडाखमधल्या चांगपा मेंढपाळाचे स्थान याहून कितीसे निराळे आहे? जून 2020 मध्ये गलवानला वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. त्यानंतर सैन्ये समोरासमोरून हटवताना काही ठिकाणी जे मधले पट्टे मोकळे ठेवण्यात आले, त्यांत चुशूलकडच्या लोकांची हिवाळी कुरणे अडकली. जानेवारी 2024 मध्ये काकजुंगच्या बाजूला मेंढपाळ चिनी शिपायांशी हुज्जत घालीत उभे असल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली आणि कौतुकही केले. खरे तर ते लोक आपल्या सरहद्दीचा महजरच सादर करीत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये देपसांग आणि देमचोक येथील समझोता झाला, तेव्हा सरकारी निवेदनात गस्तीच्या जोडीला चराईचाही उल्लेख आला. मला त्या समझोत्यातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला, जरी वृत्तपत्रांनी तो शेवटच्या परिच्छेदात टाकला.

सीमेवरील गावे वसती राहावीत म्हणून 2023 साली केंद्राने 4,800 कोटींची योजना मंजूर केली, कारण पलीकडे चीनने शेकडो नवी गावे उभारली आहेत. घरे आणि रस्ते हवेतच. परंतु पोटाला धंदा नसेल तर नव्या रस्त्याने माणसे वर येण्याऐवजी खालीच उतरतील, हे कोकणातल्या वाचकाला मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईकडे गेलेल्या आपल्याच चाकरमान्यांनी आणि कुलुपे लागलेल्या घरांनी ते पुरेसे शिकवले आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये लिपुलेख, शिपकी ला आणि नथू ला या तिन्ही खिंडींतून व्यापार पुन्हा सुरू करण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले. लिपुलेखवर आपला हक्क सांगणाऱ्या नेपाळने लगेच हरकत घेतली, ती अनपेक्षित नव्हती. या व्यापाराची उलाढाल दिल्लीच्या हिशेबात नगण्यच राहील. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : लिपुलेखच्या वाटेसाठी धारचुल्याला जे परवाने दिले जातील ते गुंजीच्या आणि आसपासच्या गावांतील जुन्या व्यापारी घराण्यांना मिळतील, की दूरच्या शहरातून आलेल्या ठेकेदारांना, आणि मालाच्या यादीत लोकर, मीठ आणि मेंढरे राहतील, की एखाद्या कारकुनाच्या कलमाने ती गळतील. परवान्याचे ते नियम प्रसिद्ध झाले, की या सदरात त्यांचाच विचार करीन.

— खाडीकाठचा