पाण्यांत उभें पीक कां सुकतें?

कृष्णाकांठच्या शिरोळ, मिरज, वाळवें ह्या तालुक्यांतून, तसेंच नीरा व प्रवरा ह्या नद्यांच्या कालव्यांखालीं हिंडतांना एक चमत्कारिक दृश्य नजरेस पडतें. सरींत पाणी तुंबलेलें असतें, काळी माती पायाला चिकटत असते, आणि तरीही उसाचीं पानें शेंड्यापासून करपलेलीं असतात. मालकास विचारावें तर तो म्हणतो, "पाणी कमी पडलें असेल; उद्यां पुन्हां भरतों." ह्या उत्तराचा आम्हांस राग येत नाहीं. ज्यांचे वाडवडील पावसाच्या भरंवशावर शेती करीत आले, त्यांना सुकलेल्या पिकावर पाण्यावांचून दुसरा उपाय सुचावा कसा? परंतु उत्तर चुकीचें आहे, आणि त्या चुकीपायीं चांगल्या जमिनी पांढऱ्या पडत आहेत.

कैरीच्या फोडींस मीठ लावलें कीं घटकाभरांत पाणी सुटतें. बेदाणा पाण्यांत टाकला कीं फुगतो. आमच्या घरांतील बायका जें नित्य पाहतात तेंच मुळाच्या टोंकाशीं रात्रंदिवस चाललेलें असतें. वनस्पतीची प्रत्येक पेशी ही पातळ पडद्याची पिशवी असून तिच्यांत साखर व क्षार विरघळलेला रस असतो. हा पडदा पाण्यास वाट देतो, क्षारांस सहसा देत नाहीं; म्हणून ज्या अंगाचा रस दाट त्या अंगास पाणी ओढलें जातें. शास्त्रज्ञ ह्यास तर्षण म्हणतात. तर्ष म्हणजे तहान, आणि नांव अन्वर्थक आहे. फ्रान्समधील नोले ह्यानें १७४८ सालीं मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडास जनावराचें मूत्राशय बांधून तें पाण्यांत ठेविलें, तों मूत्राशय टरारून फुगलें. पुढें १८७७ सालीं फेफर ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्या ओढीचा दाब मोजून दाखविला.

आतां आपल्या शेतांत काय होतें तें पाहूं. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत्‌वाहकता मीटरास ४ डेसिसायमेनच्या वर गेली म्हणजे जमीन खारवट समजतात. त्या अर्काचा तर्षणदाब सुमारें दीड वातावरण भरतो. पण शेत वाफशावर आलें कीं पाणी निम्मे उरतें व मीठ तेवढेंच राहतें, म्हणून दाब दुप्पट होतो. माती आणखी वाळली कीं आणखी वाढतो. मुळास ह्या दाबाशीं झगडून पाणी ओढावें लागतें. डोळ्यांस ओली दिसणारी जमीन पिकास कोरडी असते ती अशी. सर्व पिकें सारखीं सोशीक नसतात. १९७७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांत गव्हाची सहनमर्यादा ६ व कापसाची ७.७ आहे, उसाची १.७ आणि कांद्याची अवघी १.२. ज्या पिकास मीठ सोसत नाहीं त्यालाच आपण सर्वांत अधिक पाणी पाजतों! (बुंध्याशीं मूठभर युरिया टाकल्यावर रोप जळतें तेंही ह्याच कारणानें. खत "उष्ण" पडलें असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें रोपाचें पाणी बाहेर ओढतें.)

मीठ नसतांही तुंबलेलें पाणी घातक असतें. पेशीच्या पडद्यांत पाण्याचीं खास दारें असतात, हें ॲग्रे ह्यांनीं १९९२ सालीं दाखविलें व २००३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मुळांस हवा मिळेनाशी झाली कीं पेशींतील रस आंबट होऊन हीं दारें मिटूं लागतात. अन्नद्रव्यें आंत घेणें तर मुळास शक्ति खर्चूनच साधतें, आणि हवेवांचून ती शक्ति कोठून यावी? म्हणून पाण्यांत उभ्या पिकास आणखी खत देणें हा शुद्ध अपव्यय होय.

हें मीठ येतें कोठून? हिशेब सोपा आहे. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लक्ष लिटर. विहिरीच्या पाण्यांत लिटरास अर्धा ग्रॅम क्षार असला तर प्रत्येक इंचाबरोबर ५० किलो क्षार शेतांत उतरतात. शंभर इंच पाणी पाजलें तर १०० पोतीं झालीं. पाणी उडून जातें, पोतीं राहतात. कालव्याचें पाणी पुष्कळ गोडें असतें हें खरें. पण तें मुरून भूजल वर चढतें, आणि तळचे क्षार केशाकर्षणानें पृष्ठभागीं येतात. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला. इतक्या वर्षांचा अनुभव गांठीं असून आम्ही शहाणे झालों नाहीं.

उपायांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. जिप्समचीं पोतीं सरसकट पसरूं नयेत. तें सोडियमनें बिघडलेल्या चोपण जमिनीस उपयोगी. नुसत्या खारवट जमिनीस निचरा व गोडें पाणी पाहिजे. ठिबकानें पाणी वांचतें, पण मीठ ओल्या वर्तुळाच्या कडेस सांचतें. पावसाळ्यांत तें धुवून जाण्यास वाट असलीच पाहिजे. ही वाट एकट्याच्या बांधावर संपत नाहीं. वरच्यानें चर खणला आणि खालच्यानें तो बुजविला, असे तंटे आम्हीं स्वतः पाहिले आहेत. म्हणून सच्छिद्र नळांचा भूमिगत निचरा ओढ्यापर्यंत, सर्व खातेदारांनीं मिळून, खर्च क्षेत्राप्रमाणें वांटूनच घालावा. दुसरें, पाण्याची आकारणी एकरावर होते तोंवर कोणी हात आंखडता घेणार नाहीं. २००५ च्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची तरतूद केली आहे. ती कागदावर कां राहावी, हा प्रश्न सभासदांनीं आपापल्या संस्थेच्या बैठकींत विचारावा. तोंवर निदान विहिरीच्या पाण्याची एक बाटली व शेताच्या मातीची एक पिशवी उन्हाळा सरण्यापूर्वीं तपासणीस धाडावी. लागणीचें बेणें त्यानंतर ठरवावें.