नखे पाहायची ती तळहाताच्या बाजूने



तुमच्या शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर नखे तपासतात का? आमच्या शाळेत तपासत. सर्वांनी रांगेत उभे राहायचे, दोन्ही हात पुढे धरायचे, तळवे जमिनीकडे आणि बोटे पसरलेली. मग वर्गाचा स्वच्छतामंत्री रांगेतून फिरे आणि ज्यांची नखे ‘नापास’ ठरतील त्यांची नावे वहीत लिहून ती वही गुरुजींकडे देई. सहावीत असताना तो स्वच्छतामंत्री मी होतो आणि त्या वहीचा मला मोठा अभिमान वाटत असे.

त्या वर्षी एका मुलाचे नाव मी जवळजवळ दर सोमवारी लिहिले. त्याच्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. रविवारी तो दिवसभर तिथे बसून पंक्चर काढी, चेन उतरवी, छऱ्यांना वंगण लावी. नखे तो अगदी बोटाबरोबर कापत असे. पण नखांच्या कडांना आणि मुळाशी एक काळी रेघ असायचीच. रॉकेल लावून घासले तरी ती पुरती जात नसे. फूटपट्टीचे दोन फटके त्याला ठरलेले. (असा मार देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आता बेकायदा ठरले आहे, हे बरे झाले.) त्याच रांगेत दुसरा एक मुलगा होता. त्याने करंगळीचे नख चांगले अर्धा इंच वाढवले होते. ते तो घासूनपुसून असे काही चकचकीत ठेवी की वरून पाहताना त्यावर डाग म्हणून दिसू नये. त्याला मी वर्षभर पास केले.

आज मला वाटते की माझी वही उलटी लिहिली गेली होती. का, ते सांगतो. त्यासाठी आधी नख म्हणजे काय ते पाहू या.

आपल्याला जे नख दिसते ते निर्जीव असते. म्हणून तर कापताना दुखत नाही. केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाने भरलेल्या, मेलेल्या पेशींचे थरावर थर बसून ते बनते. गाईची शिंगे, घोड्याचे खूर आणि आपले केस यांतही केराटिनच असते. जिवंत भाग असतो तो नखाच्या मुळाशी, त्वचेखाली झाकलेला. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी फिकट पांढरी चंद्रकोर दिसते ना? ते या कारखान्याचे बाहेर डोकावणारे टोक. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात.

हा कारखाना किती वेगाने चालतो? विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे मोजायचे ठरवले आणि पस्तीस वर्षे मोजले! आपल्या अंगठ्याच्या नखावर, ते त्वचेतून बाहेर येते तिथे, कानशीने बारीक खूण करायची आणि ती खूण टोकाला कधी पोचते ते टिपून ठेवायचे. साधन म्हणाल तर एक कानस आणि एक वही. १९८० साली त्यांनी या नोंदींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. मोठी उपकरणे नसली की विज्ञान करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी या नखाची गोष्ट सांगतो.

म्हणजे महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर. आठवड्याला एक मिलिमीटरसुद्धा नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा नखे कापण्याचा प्रघात हिशेबाला धरूनच आहे. शनिवारी कापू नयेत, अमावस्येला कापू नयेत, असे कोणी सांगितले तर नख पंचांग पाहून वाढत नाही एवढे ध्यानात ठेवा.

आणि मुळीच कापले नाही तर? पुण्याचे श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे वाढू दिली. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली तेव्हा पाचही नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. तिला पाचाने आणि मग सहासष्ट वर्षांनी भागून एका नखाचा महिन्याचा वेग काढा. तो आपल्या तीन मिलिमीटरपेक्षा थोडा कमी येईल. बीन यांचे आकडे पुन्हा पाहिलेत तर त्याचे एक कारण तुम्हालाच सुचेल. विक्रम झाला खरा, पण त्यापायी त्यांचा तो हात कामाला निकामी झाला.

आता मुख्य मुद्दा. नखाचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो साध्या पाण्यानेही बराच स्वच्छ होतो. खरी अडचण आहे ती टोकाखाली. नख बोटाच्या पुढे आले की त्याच्या आणि बोटाच्या मध्ये एक खोबण तयार होते. तिथे ओलावा टिकतो, मळ साचतो आणि साबणाचा फेस नीट पोचत नाही. १९८८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हाताच्या निरनिराळ्या जागांवरील जंतू मोजले. इतर जागी ते काही शे ते तीन-चार हजार भरले. नखाच्या टोकाखाली मात्र सरासरी अडीच लाखांच्या घरात! घाबरू नका, त्यांतले बहुतेक आपल्या त्वचेचे नेहमीचे निरुपद्रवी रहिवासी असतात. पण जिथे ते सुखाने नांदतात तिथे एखादा उपद्रवी पाहुणाही मुक्काम करू शकतो.

असा एक पाहुणा तुमच्या ओळखीचा असेल. लहान मुलांना सुतासारखे बारीक पांढरे जंत होतात. रात्री गुदद्वारापाशी खाज सुटते, मूल झोपेत खाजवते आणि जंतांची अंडी नखाखाली जातात. ही अंडी इतकी लहान की एका मिलिमीटरात अठरा-वीस ओळीने मावावीत. सकाळी तेच बोट तोंडात गेले की जंतांचा फेरा पुन्हा सुरू. औषध घेऊनही जंत परत होतात त्याचे एक कारण बऱ्याचदा हे नखच असते.

दुसरी हकिगत दुःखद आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील एका रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात १९९७-९८ मध्ये ‘स्यूडोमोनास’ नावाच्या जंतूची साथ आली. पंधरा महिन्यांत ४६ बाळांत हा जंतू आढळला, त्यांपैकी १६ बाळे दगावली. शोध घेता घेता संशय परिचारिकांच्या नखांवर गेला. ज्यांच्या हातांवर हा जंतू सापडला, त्यांत एकीची नखे लांब होती, तर एकीने कृत्रिम नखे लावली होती. साथ केवळ नखांमुळेच पसरली असे पुराव्याने सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण २००२ साली तिथल्या आरोग्य खात्याने जी सूचनावली काढली, तिच्यात अत्यवस्थ रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि स्वतःची नखे पाव इंचापेक्षा कमी ठेवावीत, असे म्हटले आहे. त्या परिचारिका काही अस्वच्छ राहणाऱ्या नव्हत्या. अशा विभागात हात सतत धुवावे लागतात. मला या हकिगतीतली ही गोष्ट सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

एक प्रयोग करून पाहा. रंगीत खडूची भुकटी करून चार थेंब खोबरेल तेलात कालवा आणि दोन्ही हातांना चोळा. मग रोज धुता तसेच साबणाने हात धुवा, जास्त काळजीने नव्हे. आता हात उताणे करून उजेडात बोटांची टोके पाहा. रंग कुठे उरला? ज्याची नखे वाढलेली आहेत अशा मित्राच्या आणि ज्याची नुकतीच कापलेली आहेत अशा मित्राच्या बोटांची तुलना करा. नंतर जुन्या टूथब्रशला साबण लावून टोके घासा आणि पुन्हा पाहा.

मग त्या सायकलवाल्या मुलाच्या काळ्या रेघेचे काय? वंगणातील काजळी नखाच्या सूक्ष्म भेगांत आणि कडेच्या जाडसर त्वचेत जाऊन बसते. तो डाग असतो. डाग म्हणजे जंतूंचे घर नव्हे. मेंदीचेच पाहा. तिच्यातले रंगद्रव्य नखाच्या केराटिनला असे चिकटते की तळहाताचा रंग उडाला तरी नखावरचा राहतो आणि ते नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही. लग्नाहून आलेल्या मुलीच्या तांबूस नखांसाठी मी कुणाचे नाव वहीत लिहिल्याचे मला आठवत नाही. दोन्ही डागच. एक हौसेचा, एक कामाचा.

लांब, नितळ नखांना मान मिळाला तो आरोग्यामुळे नव्हे. चीनमध्ये छिंग राजवटीच्या काळात खानदानी लोक नखे वाढवीत आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांवर सोन्याचांदीची लांब टोपणे घालीत. सम्राज्ञी त्सी-शी हिची १९०३ च्या सुमाराची छायाचित्रे आहेत, त्यांत ही टोपणे स्पष्ट दिसतात. अशा हातांनी भांडी घासता येत नाहीत, रोपे लावता येत नाहीत. नेमके तेच दाखवायचे असे! ‘माझे काम करायला दुसरे आहेत’, ही त्या नखांची भाषा. आमच्या वर्गातील करंगळीच्या नखाला ती भाषा ठाऊक नव्हती, पण त्याचा रुबाब त्याच घराण्यातला.

हल्ली शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावीही ब्यूटी पार्लरमध्ये मॅनिक्युअर करतात. हौस म्हणून कोणी नखे रंगवली तर माझी तक्रार नाही. मात्र दोन गोष्टी जाणून असाव्यात. नखाच्या मुळाशी त्वचेची पातळ कड नखाला चिकटलेली असते. दिसायला ती ओबडधोबड, म्हणून मॅनिक्युअरमध्ये ती बऱ्याचदा मागे ढकलतात किंवा कापूनच टाकतात. पण ती कड म्हणजे खिडकीच्या काचेभोवती भरलेले लांबी. नख आणि त्वचा यांमधली फट तिने बुजवलेली असते. ती गेली की जंतूंना आत वाट मिळते आणि नखुरडे होते. ज्याला झाले आहे त्याला रात्रभर ठणकणे म्हणजे काय ते विचारा! दातांनी नखाशेजारचे सालपट ओढणारेही स्वतःचे हेच नुकसान फुकटात करून घेतात.

दुसरी गोष्ट अशी की नख पारदर्शक आहे आणि डॉक्टर त्यातून आत डोकावतात. रक्त कमी असले की नखाखालचा गुलाबी रंग फिका पडतो. लोहाची कमतरता फार दिवस राहिली तर नख चमच्यासारखे खोलगट होते. मोठे आजारपण येऊन गेले की नखावर आडवी खाच पडते. जोसेफ बो या फ्रेंच वैद्याने १८४६ साली तिचे वर्णन केले. ही खाच मुळापासून सहा मिलिमीटर पुढे आली असेल, तर आजारपण कधी येऊन गेले ते आता तुम्हीही सांगू शकाल. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. गडद नखरंगाने त्याचेही मोजमाप कधी कधी चुकते. (नखावरचे पांढरे ठिपके मात्र चुना कमी पडल्याने येतात ही समजूत चूक आहे. ते बहुधा मुळाशी बसलेल्या लहानशा माराचे असतात.)

नखांची निगा ज्याला खरोखर राखावी लागते असा एक माणूस मला माहीत आहे, तो म्हणजे सरोदवादक. सरोदवर पडदे नसतात. कित्येक वादक डाव्या हाताच्या नखाच्या कडेने तार दाबतात, तेव्हा नख झिजले वा खरबरीत झाले की सूर बिघडतो. तिथे नख हे हत्यार आहे. आपल्यापैकी बहुतेकांसाठी ते तसे नाही. आपल्याला पेन धरायचे असते, भाकरी मोडायची असते, धाकट्या भावंडाला घास भरवायचा असतो.

म्हणून आजच्या स्वच्छतामंत्र्यांना माझी सूचना आहे. हात पालथे पाहू नका, उताणे धरायला सांगा आणि बोटांची टोके डोळ्यांच्या पातळीला आणून पाहा. टोकापलीकडे नख दिसते का, एवढेच पाहायचे. दिसले तर कापायला सांगा. डाग, रेघ, मेंदी, शाई, हळद यांची नोंद करू नका. आणि त्याआधी शाळेच्या नळापाशी जाऊन तिथे साबण आहे का ते पाहून या. नसेल तर त्या सोमवारी वहीत पहिली ओळ तीच लिहा आणि वही गुरुजींना द्या. आमच्या शाळेच्या नळापाशी साबण नसे. मी वर्षभर नखे तपासली, पण ती ओळ एकदाही लिहिली नाही.