भाजीचा डोंगरही दाव्यात लिहा

साथींनो,

मृगाचा पाऊस पडला की ठाणे-रायगडच्या डोंगरात आपल्या बाया टोपल्या घेऊन निघतात. आधी शेवळं येतात. मग कोळी, टाकळा, कुर्डू, भारंगी. पाऊस मुरला की ओल्या माळावर कवळा पसरतो, झुडपांवर करटोलीचे वेल चढतात. पावसाळा सरला की करांदे आणि कडूकंद. भात-नाचणी घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते, आणि तोवर कणगी रिकामी असते. त्या दिवसांत आपल्या घराला आधार दोनच: सावकाराचं धान्य आणि डोंगराची भाजी. सावकाराचं दीडपटीने फेडावं लागतं. डोंगराने आजवर कधी फेड मागितली नाही.

पण ह्या भाजीची नोंद कुठल्या कागदावर आहे? सातबाऱ्यावर भात लिहितात, वरई लिहितात. जंगलाच्या कागदांत साग, खैर, बांबू लिहितात. जे बाजारात जातं ते लिहिलं जातं, जे पोटात जातं ते लिहिलं जात नाही. आणि जे कागदावर नाही ते नाहीच, असं सरकारी कचेरीत धरलं जातं.

गंमत अशी की नोंद नसली तरी ह्या भाजीवर मालकी मात्र सांगितली गेली. इंग्रजांनी 1927 साली भारतीय वन कायदा केला. त्यात ‘वनोपज’ म्हणजे काय ते सांगताना झाडंच नव्हे, तर जंगलातली पानं, फुलं, फळं, गवत, वेली, अगदी शेवाळसुद्धा मोजलं. राखीव जंगलातून ते परवानगीशिवाय उचलणं गुन्हा ठरवला. म्हणजे संध्याकाळच्या कालवणाला मूठभर कोळी खुडणारी बाई कायद्याच्या हिशेबात गुन्हेगार. साहेब बरा असला तर दुर्लक्ष करतो, बरा नसला तर टोपली ओतून घेतो. आपलं जेवण साहेबाच्या मर्जीवर राहिलं, हा खरा अन्याय आहे.

2006 सालच्या वनहक्क कायद्याने ही गोष्ट उलटी केली. ह्या कायद्यात गौण वनोपजावर आपली मालकी मान्य केली आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, तेंदूपान यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळं आणि कंदही स्पष्ट लिहिले आहेत. पण कायद्यात लिहिलेला हक्क आपोआप आपल्या पाड्यावर येत नाही. तो दाव्यात मागावा लागतो.

आजवर सगळा जोर प्लॉटच्या दाव्यांवर राहिला, आणि ते बरोबरच आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन आपण कसतो ती नावावर झालीच पाहिजे, त्यात एक गुंठाही सोडायचा नाही. पण साथींनो, शेवळं प्लॉटमध्ये उगवत नाहीत. करटोली प्लॉटची हद्द पाहून वेल चढवत नाही. उद्या प्रत्येकाचा प्लॉट मोजून मिळाला आणि मधला डोंगर तसाच राहिला, तर त्या डोंगरावर लागवडीचे खड्डे पडतील, भोवती कुंपण येईल. तेव्हा बायांनी टोपली घेऊन कुठे जायचं?

आणखी एक पाहा. प्रत्येक पाड्यात ज्यांना प्लॉट नाही अशी घरं आहेत. एकटी विधवा आहे, वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब आहे. त्यांचा दावा कशाचा होणार? त्यांची जमीन म्हणजे हा डोंगरच. सामूहिक दावा केला नाही तर ह्या लढ्यातून त्यांच्या पदरात काही पडणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. ‘नमुना ब’ मधला सामूहिक दावा प्रत्येक पाड्याने करावा आणि त्यात भाजीचा डोंगर नावानिशी लिहावा. पुरावा काय जोडायचा, असं पुष्कळ जण विचारतात. 2008 च्या नियमांतला नियम 13 वाचा. कंदमुळं, चारा, रानफळं आणि इतर गौण वनोपज गोळा करण्याच्या जागा सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून तिथे धरल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा आहे. मग आपल्या आज्यांइतका मोठा पुरावा कुणाकडे आहे?

शेवळं तशीच शिजवली तर घसा खाजतो. काकडं घालून त्यांची खाज मारतात. कडूकंद तसाच खाल्ला तर माणूस आजारी पडतो. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो खाण्याजोगा होतो. हे शहाणपण एका पावसाळ्यात येत नाही. कुठल्या तरी पणजीने चाखून, सोसून ते शोधलं आणि लेकीसुनांना दिलं. जिला विषारी कंदाचं जेवण करता येतं ती ह्या डोंगरावर काल आलेली नाही. दंडाची पावती हरवते, हे ज्ञान घरात टिकून आहे. ते कागदावर उतरवा.

कसं उतरवायचं? पाड्यातल्या जाणत्या बायांना एकत्र बसवा. शिकलेल्या पोरापोरींनी लिहून घ्यावं. भाजीचं नाव आपल्या बोलीत लिहा. एकीकडे जी कोळी तीच दुसरीकडे फोडशी, म्हणून दोन्ही नावं लिहा. कुठल्या माळावर, कुठल्या ओहोळाकाठी मिळते ते आपल्या नावाने लिहा. कुठला महिना, कुठला भाग खातात, खातात की विकतात, तेही लिहा. मग त्या जागा नकाशावर दाखवा. खाली सांगणाऱ्या बाईचा अंगठा किंवा सही घ्या. 10 ते 15 जणांच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात असा नियम आहे. ह्या कामाला त्यांनाच पुढे करा. गडी माणसांना साग ओळखता येतो, कवळा कुठे येतो ते बायांना विचारावं लागतं.

हक्काबरोबर राखणही येते. ह्याच कायद्याने जंगल राखण्याचं काम ग्रामसभेवर सोपवलं आहे. कोळीच्याच कुळातल्या एकीचं मूळ ‘सफेद मुसळी’ म्हणून बाजारात जातं. व्यापारी येतो, पैसे दाखवतो आणि पोरं माळ खणून काढतात. पान खुडलं तर पुढच्या पावसात भाजी पुन्हा येते, मूळ नेलं तर येत नाही. शेताच्या बांधावरही तेच. कुर्डू आणि घोळ म्हणजे तण, असं औषध विकणारा सांगतो. आपल्या चुलीला ती भाजी आहे. तणनाशकाने बांध साफ दिसेल आणि ताटही साफ होईल. किती खणायचं, कुठे खणायचं नाही, कंदाचा शेंडा परत मातीत कसा लावायचा, हे ग्रामसभेने ठरवावं आणि ठरावाच्या वहीत लिहावं. नियम आपण केले नाहीत तर दुसरा कुणी आपल्यावर करील.

हे होण्यासारखं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथली माणसंही आपल्यासारखीच आदिवासी. त्यांनी एकत्र बसून, अभ्यास करून, कागद नीट करून तो मिळवला.

ह्या पावसाळ्यात भाजी समोर उगवलेली आहे. दाखवायला सोपी, मोजायला सोपी. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली यादी घेऊन यावं, आणि यादी सांगायला बायांनी यावं. ज्या पाड्यात लिहिणारा नाही त्यांनी निरोप द्या, शेजारच्या पाड्यातून माणूस पाठवू.

जिंदाबाद!