वाढपी हरवला आहे

इंग्रजीत 'फास्ट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जलद आणि दुसरा उपास. 'फास्ट फूड'मधला फास्ट कुठला, याबद्दल कोशकारांत मतभेद नाही. माझा मात्र आहे. अठरा वर्षांनी परवा अशा एका दुकानात जाऊन आलो आणि तिथे जेवढा वेळ होतो त्यातला बराचसा दुसऱ्या अर्थानेच गेला.

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. जाहिरातींवर एवढा पैसा ओतणाऱ्यांची आणखी एक जाहिरात मी फुकट का करावी? शिवाय माझं भांडण एका दुकानाशी नाहीच. अशी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत. माझं भांडण आहे एका विचाराशी. खाणारा आणि खाणं यांच्यामध्ये माणूस म्हणून कोणी उरू नये, असा तो विचार आहे.

आता अठरा वर्षं का गेलो नाही, असं कोणी विचारील. नवस वगैरे काही नव्हता. असल्या दुकानात आमच्या वयाचा माणूस आपण होऊन जात नाही, त्याला पोरं नेतात. पोरं मोठी झाली की न्यायची थांबतात आणि नातवंडांचं राज्य सुरू व्हायला अवकाश असतो. या मधल्या काळात मी सुखाने इडली खात होतो. परवा आमचे थोरले मेहुणे सांगलीहून आले. वय चौऱ्याहत्तर, हायस्कुलात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले. ते म्हणाले, "दाजी, ते बर्गर बर्गर म्हणतात ते एकदा खायचं आहे. नात फोनवर सारखं सांगते, आणि मला काही बोलता येत नाही." नातीशी बोलता यावं म्हणून बर्गर खायला निघालेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? गेलो.

अठरा वर्षांपूर्वी गल्ल्यामागे टोपी घातलेला एक मुलगा उभा असायचा. तो पाठ केलेलं हसू हसायचा आणि काहीही मागितलं तरी "सोबत फ्राइज?" असं विचारायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता त्याची आठवण येते. कारण त्याच्या जागी माणसापेक्षा उंच असे तीन पडदे उभे होते आणि त्यांच्यासमोर देवळात असावी तशी रांग होती. फरक एवढाच, की देवळात पुजारी असतो.

आमचा नंबर आला. पडद्याने विचारलं, इथे खाणार की घेऊन जाणार? मेहुण्यांनी बोट लावलं. पडद्याला ते बोट कळलं नाही. दुसरं बोट लावलं. मग नुसत्या बर्गरऐवजी पूर्ण मील हवं का, बटाटे मोठे हवेत का, चीज वाढवू का, गोड काही घेणार का, मोबाईल नंबर देणार का, अशी एकामागून एक चौकशी सुरू झाली. आमच्या हिला बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला याच्या निम्मे प्रश्न विचारले होते. मेहुणे शिक्षक माणूस. त्यांनी प्रत्येक प्रश्न नीट वाचून उत्तर द्यायला घेतलं. तेवढ्यात पडद्यावर नवं वाक्य उमटलं: तुम्ही अजून आहात का?

मेहुण्यांनी चष्मा वर करून ते पुन्हा वाचलं. म्हणाले, "आहे म्हणावं. चौऱ्याहत्तर झाली तरी आहे."

पण तोवर यंत्राने आमच्याबद्दल आपला निर्णय घेऊन टाकला होता. पडदा कोरा झाला आणि आम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नावर.

दुसऱ्या खेपेला आम्ही पैशांपर्यंत पोचलो. माझ्या खिशात पाचशेच्या दोन कोऱ्या नोटा होत्या. यंत्राला नोटा खाता येत नव्हत्या. त्याला फोन हवा होता किंवा कार्ड. मेहुण्यांचा फोन बटणांचा, माझा घरी चार्जिंगला लावलेला. गल्ल्यावर गेलो, तर तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, ऑर्डर मशीनवर." मी म्हटलं, "बाळ, तू समोर उभी आहेस, मी समोर उभा आहे. मी तोंडाने सांगतो, तू कानाने ऐक." ती कसनुशी हसली आणि तिने मागच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे ऑर्डरींचे आकडे पळत होते आणि काही लाल होत होते. मशीनवर पाठवायचा नियम त्या पोरीने केलेला नव्हता. तिला थांबून दोन शब्द बोलायची सोय नव्हती, एवढंच.

शेवटी रांगेतल्या कॉलेजातल्या एका मुलीने आमची सुटका केली. "आजोबा, काय हवं ते मला सांगा," असं म्हणून तिने भराभर बोटं चालवली, स्वतःच्या फोनने पैसे भरले आणि आमच्याकडून रोख घेतले. तोंडाने सांगितलं, कानाने ऐकलं, मिळालं. म्हणजे काम माणसानेच केलं. तो माणूस दुकानाच्या पगारावर नव्हता, इतकंच. उरलेल्या कामांतही आम्ही आलो. ट्रे आम्हीच उचलला, टेबल आम्हीच शोधलं, ते आम्हीच पुसलं आणि शेवटी खरकटं आम्हीच डब्यात टाकलं. हॉटेलात दोन तास काम केलं की पोटभर जेवण मिळतं अशा गोष्टी मी लहानपणी वाचल्या होत्या. इथे काम करून वर पैसेही द्यायचे असतात.

हे सगळं आलं कुठून, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी मॅकडोनाल्ड आडनावाचे दोन भाऊ होते, रिचर्ड आणि मॉरिस. त्यांचं हॉटेल उत्तम चालत होतं. गिऱ्हाईक मोटारीतच बसायचं आणि पोरी मोटारीपाशी खाणं आणून द्यायच्या. १९४८ साली या भावांनी चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवलं. त्या वाढणाऱ्या पोरींना रजा दिली, चिनी मातीच्या बश्या काढून कागद आणला, पदार्थ कापून नऊवर आणले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, खाली उतरा, खिडकीशी या, तुमचं तुम्ही घेऊन जा. त्या बदल्यात बर्गर १५ सेंटला. पुढे नव्या इमारतीच्या वेळी त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघर आखून नोकरांना त्यात फिरवून बघितलं, असं सांगतात. कुठे वळायला एक पाऊल जास्त पडतं, तेवढं वाचवायचं.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. सौदा सरळ होता. वाढण्याचे कष्ट तुमचे, म्हणून किंमत कमी. गिऱ्हाइकाने वाढप्याचं काम केलं आणि वाढप्याची मजुरी गिऱ्हाइकाच्या खिशात राहिली. पण आमचं बिल ५८० रुपये झालं. दोन बर्गर, थोडे बटाटे, दोन कॉफ्या. काम आमच्याकडे आलं, मजुरी मात्र वाटेत कुठेतरी उतरली. सौद्यातला आपला भाग गेला, दुकानाचा तेवढा राहिला, आणि याला आपण सोय म्हणतो.

त्या दोघा भावांचं पुढे काय झालं, तेही ऐका. रे क्रॉक नावाच्या गृहस्थाने १९५५ पासून त्यांची दुकानं देशभर काढली आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन भावांकडून सगळा धंदा विकत घेतला, नावासकट. त्यांचं मूळचं हॉटेल त्यांच्याकडेच राहिलं, पण त्यावर स्वतःचं आडनाव लावायची सोय उरली नाही. पाटी बदलावी लागली. मग क्रॉकसाहेबांनी जवळच आपलं दुकान थाटलं आणि मूळचं हॉटेल बसलं. मध्ये माणूस नको, या कल्पनेने सगळ्यांत आधी पोरींना काढलं आणि मग कल्पना काढणाऱ्यांनाच काढलं. आता ती गल्ल्यावरच्या मुलीपर्यंत येऊन पोचली आहे.

यंत्राने वाढणं ही काही आजची युक्ती नाही. फिलाडेल्फियात १९०२ साली हॉर्न आणि हार्डार्ट यांनी असंच हॉटेल काढलं होतं. भिंतभर काचेची छोटी कपाटं. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, झडप उघडायची आणि पाय नावाचं त्यांचं गोड पक्वान्न घ्यायचं. पण त्या यंत्राला नाणी चालत. खिशात नाणं असलेला कोणीही, त्याला अक्षरओळख असो वा नसो, तिथे खाऊ शकत असे. सव्वाशे वर्षांत यंत्रं एवढी हुशार झाली, की पैसे घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला उपाशी परत पाठवू शकतात.

आता 'फास्ट' या शब्दाबद्दल. आमच्या पावतीवर ३४७ हा आकडा होता. वरच्या पडद्यावर ३३१ पासून ३५२ पर्यंतचे सगळे आकडे लागले, फक्त आमचा सोडून. भोवती पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेली दहा-बारा पोरं उभी होती. घरबसल्या मागवणाऱ्यांचं खाणं न्यायला आलेली. त्यांना बसायला खुर्ची नव्हती, पाणी नव्हतं, आणि फोनमधलं घड्याळ त्यांनाही टोचत होतं. बावीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत उभे होतो. या दुकानात घाई सगळ्यांना होती, पण जलद कुणाचंच काही होत नव्हतं.

याउलट आपल्याकडे जलद खाण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नाही. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव यांचं लग्न लावलं, असं मानतात. ते पैसे देण्यापासून पहिल्या घासापर्यंत अर्ध्या मिनिटात उरकतं. पाव फाडणं, चटणी फासणं, वडा दाबणं, कागद गुंडाळणं, सुटे पैसे परत करणं, हे सगळं दोनच हात करतात, आणि तोंड तेवढ्यात "तिखट की कमी?" असं विचारून मोकळं होतं. त्याला कुणी टेनिस कोर्टवर फिरवलेलं नाही. उडप्याच्या हॉटेलातला वेटर घ्या. इडलीपासून उत्तप्प्यापर्यंत सगळं एका दमात म्हणायचा, पाच टेबलांचं लक्षात ठेवायचा आणि तुम्ही गल्ल्याशी पोचायच्या आत तुमचं बिल तिथे ओरडून पोचवायचा. हाही पडद्यासारखाच कारभार, पण त्याला बोटाने टोचावं लागत नसे.

तुम्ही म्हणाल, याच वेटरची पाच बोटं पाण्याच्या पाच पेल्यांत बुडालेली असायची, ते विसरलात वाटतं? विसरलो नाही. त्याच्या खांद्यावरचं फडकं टेबल पुसायला, घाम पुसायला आणि कधीकधी बशी पुसायलाही चालायचं. नव्या दुकानांची मोरी स्वच्छ असते, हे मी मान्य करतो. आणखी एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. आमच्या तरुणपणी एकट्या मुलीला हॉटेलात बसून चहा प्यायचा, तर लाकडी आडोशामागच्या 'फॅमिली रूम'मध्ये तोंड लपवून बसावं लागे. परवा त्या दुकानात मुली एकेकट्या पुस्तक उघडून बसल्या होत्या आणि कुणी माना वळवत नव्हतं. हे या दुकानांच्या पदरात घालायला मी तयार आहे, दोन्ही हातांनी.

पण पेल्यातली बोटं काढायची, तर माणूसच काढायला हवा होता का? हात धुवायला सांगितलं असतं तरी भागलं असतं.

गिरणगावातल्या खानावळी आठवा. घरोघरच्या बाया गिरणी कामगारांना रांधून घालायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायांना घेऊन. त्या जेवणाला झटपट म्हणा, साधं म्हणा, काहीही म्हणा, पण वाढणारीला पानावरचा माणूस ठाऊक असे. गडी दोन दिवस जेवायला आला नाही, तर चौकशी व्हायची. आजारी पडला की काय, गावी गेला की काय. "तुम्ही अजून आहात का?" हा प्रश्न तिथेही होता. फक्त तो विचारणाऱ्याला उत्तर हवं असायचं.

मला वाटतं, खरा मुद्दा इथेच आहे. म्हाताऱ्यांना यंत्र येत नाही, शिकवू त्यांना, असं पुष्कळ जण म्हणतात. शिकू की. मेहुणे दोन खेपांत निम्मं शिकलेच होते. पण ज्याची नजर गेली आहे, ज्याचा हात थरथरतो, ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे हुशार फोन नाही, त्याने भूक लागल्यावर कुठे जायचं? दर वेळी रांगेत एखादी भली मुलगी असेलच, यावर धंद्याने विसंबून राहावं हे बरं नव्हे.

माझी मागणी फार नाही. पडदे ठेवा, हवे तर आणखी चार लावा. पण प्रत्येक दुकानात एक खिडकी अशी असू द्या, जिथे तोंडाने सांगितलं की ऐकलं जाईल आणि नोट दिली की सुटे मिळतील. पेटीवाल्या पोरांसाठी एक बाक आणि पाण्याचं एक पिंप ठेवा. आणि त्या गल्ल्यावरच्या मुलीला गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं बोलायची परवानगी द्या, मागचा आकडा लाल झाला तरी.

मेहुणे सांगलीला परत गेले. बर्गर कसा होता, असं नातीने फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाले, "चव ठीक होती. पण मला काय हवं ते कुणी विचारलंच नाही. तू आलीस की मी तुला भडंग देईन, आणि तिखट किती हवं ते आधी विचारीन."